दोन तळव्यांची खूण

कोल्हापुरात सत्कार केल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही. नवी गाडी घेतली, सत्कार. पोरगं दहावी झालं, सत्कार. दवाखान्यातून जिवंत परत आला, तर चौकात खुर्ची टाकून फेटा बांधतात. माझाही एकदा झाला, ‘तसल्या’ पोरीची आई म्हणून. शाळेनं त्याला ‘आदर्श पालक’ असं गोंडस नाव दिलं होतं.

माझी लेक स्वमग्न आहे. बोलत नाही. तिला आवाज सोसत नाहीत आणि डोक्याला काही लागलेलं चालत नाही. वेणी घालायची म्हटलं तरी आमच्या घरात लढाई होते. तरीही चौथीपर्यंत ती साध्या शाळेत, साध्या मुलांच्यात बसली, ती तिच्या वर्गाच्या बाईंमुळे. पहिल्याच आठवड्यात बाईंनी मला वर्गात बोलावलं, पोरांच्या बुटक्या बाकावर बसवलं आणि विचारलं, “नको झालं की घरी ती काय करते?”

शाळेतल्या माणसानं मला काही विचारण्याची ती पहिली वेळ. तोवर सगळे मला सांगतच आले होते. मी म्हटलं, “किंचाळते. स्वतःचं मनगट चावते.” बाई म्हणाल्या, “मग आपण तिला दुसरं काहीतरी देऊ.”

आम्ही दोघींनी मिळून एक खूण ठरवली. दोन्ही हात वर, तळवे समोर. म्हणजे, पुरे, मला इथून न्या. आणि एक नियम ठरवला. तिनं तळवे दाखवले की वाद नाही, ‘थांब जरा’ नाही, ताबडतोब न्यायचं. घरी कुकरची शिट्टी झाली की मी तिचे हात धरून वर करायची आणि लगेच गॅस बंद करायची. शाळेत बाई तिला मागच्या व्हरांड्यात पाण्याच्या टाकीजवळ नेऊन उभी करायच्या. संध्याकाळी मी ब्लाउजला हातशिलाई करत असताना त्यांचा फोन यायचा. आज कुठं जमलं, कुठं फसलं, घरात काय बदलायचं. कित्येक महिने भात अर्धाकच्चा खाल्ला आम्ही. पण एके दिवशी शिट्टी झाली आणि तिचे हात आपसूक वर गेले. मी ओट्याला टेकून रडले.

हळूहळू सगळेच शिकले. तिचा बाप वारणानगरला साखर कारखान्यात, सुट्टीपुरता घरी येणारा. त्याची शिंक म्हणजे बॉम्ब. लेकीनं तळवे दाखवले की तो बापडा नाक धरून जिन्यात पळायचा. वर्गातली पोरं तर बाईंच्या आधी ओरडायची, “बाई, तिनं हात वर केलं!” तिला बोलता येत नाही असं लोक म्हणत. येत होतं. एकच शब्द होता, पण तो तिचा होता, आणि तो म्हटला की जग हलायचं.

चौथी संपत आली तेव्हा तिला पाचवीत ठेवायचं की नाही, हा प्रश्न आला. मुख्याध्यापक म्हणाले, “आधी गॅदरिंग होऊ द्या, मग बघू.” गॅदरिंगच्या आधी पालक सभा झाली. पालक संघाचे अध्यक्ष म्हणजे मोठं प्रस्थ. त्यांच्या बायकोचे ब्लाउज मीच शिवते, त्यामुळे त्या घराची माया मला इंचात ठाऊक आहे. ते म्हणाले, “ताई, तुमी नि शाळेनं मिळून जे केलंय न्हवं, ते समद्या गावाला दावूया. तुमचा सत्कार करूया, पोरीसकट.”

मला नको होतं. पण पाचवीचा प्रवेश याच लोकांच्या हातात होता. मी उभी राहून सगळ्यांदेखत सांगितलं, हलगी नको, टाळ्या नकोत, तिच्या डोक्याला काही बांधू नका. अध्यक्ष म्हणाले, “व्हय व्हय. काळजीच करू नगा.” मुख्याध्यापक म्हणाले, “पालकांच्या सूचनांचं स्वागत आहे.” मग चहा आला.

गॅदरिंगच्या दिवशी बाई स्टेजजवळ दिसेनात. त्यांना पाहुण्यांच्या नाश्त्याकडं लावलं होतं. लेक माझं बोट धरून स्टेजवर आली. समोर सगळा हॉल भरलेला. माझ्या अंगावर शाल पडली, हातात नारळ आला, आणि अध्यक्ष बांधून ठेवलेला लहान फेटा घेऊन तिच्याकडं वळले.

“डोक्याला नको, साहेब. बोलले होते मी.”

“एवढ्यानं काय हुतंय? मान हाय ताई त्यो. मानाला न्हाय म्हणू ने.”

तिच्या डोक्यावर फेटा बसला. ती किंचाळली नाही. ताठ उभी राहिली. आणि मग कडेनं हलगी सुरू झाली, कारण फेटा बांधला आणि हलगी नाही, हे आमच्या गावाला शोभलं नसतं.

लेकीनं दोन्ही हात वर केले. तळवे समोर, बोटं सरळ, अगदी शिकवलं होतं तसे. इतकी स्वच्छ खूण तिनं तोवर कधीच केली नव्हती. क्षणभर मला अभिमान वाटला.

हॉलनं टाळ्या वाजवल्या.

तिनं हात आणखी वर नेले. टाळ्या वाढल्या. मागून शिट्ट्या आल्या. अध्यक्षांनी माइक ओढला, “बघा, पोरगी समद्यांस्नी हात करतीया! वाजवा की!” विंगेत कोळ्यांच्या वेशात उभी असलेली तिच्या वर्गातली पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत होती, “तिला भाईर न्या!” हलगीत कुणाला ऐकू जाणार? मी पुढं झाले तर मुख्याध्यापकांनी माझं कोपर धरलं. “ताई, फोटो. इकडं बघा.” मी हिसडा मारला, तोवर अध्यक्षांनी तिचे वर केलेले दोन्ही हात आपल्या हातात घेऊन तिला कॅमेऱ्याकडं वळवलं होतं.

ती चावली. चांगली कडकडून चावली. त्या दिवसातलं तेवढंच काय ते मला गोड लागतं.

बाई शिऱ्यानं माखलेल्या हातांनी धावत आल्या, तेव्हा लेक स्टेजवर ओली होऊन बसली होती आणि कुणीतरी माइकवर पुढच्या नाचाचं नाव घेत होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मुख्याध्यापक म्हणाले, “मुलगी हिंसक आहे. इतर पालकांचाही विचार करावा लागतो. तुम्ही आधी कल्पना द्यायला हवी होती.” दारात उभ्या बाई म्हणाल्या, “त्यांनी दिली होती, सर. सभेत.” सरांनी वर न बघता सांगितलं, “तुम्ही वर्गात जा.”

आणि बाई गेल्या. त्यांची नोकरी पक्की नव्हती, हे मला ठाऊक आहे. लेकीसाठी जितकं त्यांनी केलं तितकं सख्ख्यांनीही केलं नाही, हेही ठाऊक आहे. तरी मी त्यांना माफ केलेलं नाही.

लेक आता घरीच असते. शाळेच्या ऑफिसात तो फोटो मोठा करून लावलाय, खाली लिहिलंय, ‘शाळा आणि पालक, हातात हात’. अध्यक्षांची बायको ब्लाउज टाकायला आली की सांगते, “फोटूत तुमची पोर किती ग्वाड दिसतीया, दोन्ही हात वर करून!” मी तिच्या ब्लाउजच्या मुंढ्यात, काखेपाशी, कापड जरा कमीच सोडते. रुतू दे.

त्या दिवसानंतर लेकीनं हात वर केले नाहीत. कुकर झाला की पलंगाखाली जाते आणि मनगट तोंडात धरते. गेल्या महिन्यात मला राहवलं नाही. शिट्टी होताच गॅस बंद केला, फरशीवर आडवी झाले आणि पलंगाखाली तिला दिसतील असे माझेच दोन्ही तळवे धरले. तीच खूण. म्हटलं, आठवेल.

तिनं माझ्या तळव्यांकडं पाहिलं. मनगट तोंडातून काढलं. आणि डोळे गच्च मिटून, जोरजोरात टाळ्या वाजवायला लागली.