कामराद आणि त्यांचं दोन किनाऱ्यांचं घर

कामराद कुणालाच ‘साहेब’ म्हणत नसत. घरमालक असो, बसड्रायव्हर असो, की माझी चार वर्षांची लेक, सगळे त्यांचे ‘कामराद’, म्हणजे सोबती. मग आम्हीही त्यांना तेच म्हणू लागलो. १९८० साली अमेरिकेत न्यू बेडफर्डला ते आमच्या वरच्या मजल्यावर राहत.

जन्म केप व्हर्देच्या बेटांवरचा. बायको दोमिंगा समोरच्या आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची, गिनी-बिसाऊची. पोर्तुगिजांना हाकलण्यासाठी दोन्हीकडच्यांनी मिळून एकच चळवळ उभारली होती. भूमी दोन, पण माणसं एक, हा तिचा पाया. त्यासाठी कामराद बेट सोडून गिनीच्या जंगलात गेले, झाडाखाली शाळा चालवली, दोमिंगाच्या धाकट्या भावाला अक्षरं शिकवली आणि तिच्याशी लग्न केलं. “आमचं लग्न म्हणजे पक्षाचा ठराव,” ते म्हणत आणि दोमिंगा डोळे वटारायची. जंगलात छातीचं दुखणं जडलं म्हणून उपचाराला अमेरिकेत आलेले. बरं वाटलं की परत त्याच शाळेत जायचं होतं.

त्यांच्या घरी मका आणि भात दोन्ही शिजत. मका बेटांचा, भात किनाऱ्याचा. आधी दुसऱ्याचं खायचं, मग आपलं, असा त्या घरचा शिरस्ता. ते आधी भात घेत, ती आधी मका.

दिवाळीच्या नाटकावरून आमचं मूठभर घरांचं मराठी मंडळ फुटलं. मी ते त्यांना हसत सांगितलं. ते हसले नाहीत. “एवढ्यावरून? मग जोडा परत.”

त्याच महिन्यात गिनीच्या राजधानीत, बिसाऊत, सत्ता उलथली. पोर्तुगीज गेल्यापासून दोन्हीकडे चळवळीच्या एकाच पक्षाचं राज्य होतं. बेटांवरचे लोक आपल्यावर राज्य करतात, हा राग त्यामागे होता. लवकरच बेटांनीही वेगळा पक्ष काढला. कामराद रेडिओला कान लावून म्हणत, “मिटेल. घरातलंच भांडण आहे.”

पुढच्या हिवाळ्यात दोमिंगाची आई आजारी पडली. भावाने फोनवर सांगितलं, तू ये, त्याला आणू नकोस. मी त्या भावाला मनसोक्त शिव्या घातल्या. कामराद मात्र विमानतळावर दोमिंगाला एवढंच म्हणाले, “त्याला सांग, मास्तर रागावलेले नाहीत.”

ती परतली नाही. आधी आई गेली, मग भावाने सोडलं नाही, मग फोनही येईनासे झाले. कामरादांचं दुखणं बळावलं. जिना चढताना ते प्रत्येक पायरीवर थांबू लागले, आणि मला ते बघवत नसे.

ते गेले त्या दिवशी दोमिंगाला कळवायला मी बिसाऊला फोन लावला. भावाने उचलला. मी बातमी सांगितली. मग मोडक्या इंग्रजीत त्याने विचारलं, “तुम्ही कोण? बेटांवरचे का?”

रिसीव्हर हातात धरून मी तिथेच रडत बसलो.