दवनीवाड्याच्या भिंतीवरचे डोळे

हेमराज भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुर्री गावातल्या माझ्या घरी पोळ्या करत होते. गोंदियाजवळच्या फुलचूरला ते राहत, तिथल्या शेजाऱ्यानं एवढंच सांगितलं, "बाई, फोटोवाले दादा गये. डार्करूम में ही बैठे थे." तव्यावरची पोळी मी पलटवली, भाजली, डब्यात ठेवली आणि मग खाली बसले. रडू आलं नाही. आधी रागच आला. हा माणूस माझ्या मोठ्या बहिणीचा नवरा, आणि माझ्या देवकाताईचं या जगात जे काही उरलं होतं ते याच्याच हातून गेलं होतं. आता भांडायला तोही राहिला नाही. दीड महिना होत आला, अजून मनातल्या मनात माझं भांडण चालूच आहे.

भाऊजी गोंदियाच्या बाजारात फोटो काढत. लग्नं, शाळा, ओळखपत्रं, सगळंच. पण खेड्यापाड्यांत त्यांचं नाव होतं ते मयताच्या फोटोंसाठी. तेव्हा म्हाताऱ्या माणसांचा जिवंतपणी फोटो निघतच नसे. माणूस गेलं की पोरांना आठवण व्हायची आणि कोणीतरी सायकल हाणत गोंदियाला यायचं. भाऊजी जात, मयताला खुर्चीत बसवत, पाठीमागून कोणी मान धरे, आणि एक फोटो निघे. एकच. मयताचा दुसरा फोटो काढला तर घरातून दुसरं माणूस जाते, असं लोक मानत आणि काढू देत नसत. मग घरी येऊन निगेटिव्हवर काम... टोकदार पेन्सिल, ब्लेडचा तुकडा आणि भिंग. पेन्सिल भरली तिथं फोटोत उजेड, ब्लेडनं खरवडलं तिथं अंधार. मिटलेल्या पापण्यांवर ते असे डोळे उघडायचे की घरची माणसं पाया पडायची. "हे काळ्या-पांढऱ्यातच जमते," म्हणायचे, "रंगीत फिल्म हात लावू देत नाही." आणि चेहरा धूसर येऊ नये म्हणून कॅमेऱ्याला एक सुतळी बांधलेली असे. तिचं टोक समोरच्याच्या नाकाला लागलं की अंतर बरोबर. माणूस जिवंत असो की मेलेला, सुतळी तेवढीच, त्यामुळं त्यांच्या साऱ्या फोटोंत तोंड एकाच मापाचं आणि एकाच जागी येई. आम्ही चिडवायचो, "भाऊजी, मोजमाप शिंप्याचं अन् धंदा फोटोचा!"

एकोणनव्वद साल असेल. सकाळी त्यांनी कॅमेऱ्यात नवा रोल भरला. ताई भांडी घासून उठली होती. "माझा काढा ना एक," म्हणाली. फोटोवाल्याची बायको, पण तिचा धड फोटो नव्हता. लग्नातल्या फोटोत मुंडावळ्यांखाली मान घातलेली, डोळे जमिनीवर. नवरीनं वर पाहायची सोयच नव्हती. भाऊजींनी अंगणात खुर्ची टाकली, सुतळी लावली, फोटो काढला. तेवढ्यात दवनीवाडा गावाहून माणूस आला. म्हातारी गेली, उचलायच्या आत या. त्या जुन्या कॅमेऱ्यात फिल्म आपोआप पुढं जात नसे, हातानं चावी फिरवावी लागे. बाकीचे फोटोवाले फोटो काढल्याबरोबर फिरवून मोकळे होत. भाऊजी मात्र बटण दाबायच्या अगदी आधी फिरवत. आधीच फिरवून ठेवली तर फिल्मला पोक येतो, असं त्यांचं म्हणणं. दवनीवाड्यात त्या दिवशी मोठा आकांत चालला होता. सून म्हातारीच्या पायाला मिठी मारून बसलेली, दाराशी तिरडी तयार... आणि चावी फिरवायची राहून गेली.

फिल्म धुतल्यावर कळलं. एकाच चौकोनात दोन बाया. तोंडावर तोंड बरोबर बसलेलं. म्हातारीचे गाल, म्हातारीची हनुवटी, आणि तिच्या मिटलेल्या पापण्यांतून ताई पाहून राहिली होती. तिकडं चिता केव्हाच विझली होती. भाऊजी डोक्याला हात लावून बसले. हे मला ताईनंच सांगितलं. ती म्हणाली, "त्यांची माय गेली, त्यांच्याजवळ दुसरा फोटो नाही. मी तं इथंच आहे ना, कुठं पळून चालली? मले पुसा." आणि भाऊजींनी पुसलं हो! नाकातली चमकी खरवडली, पदराचा काठ खरवडला, म्हातारी विधवा म्हणून कपाळावरचं कुंकू पेन्सिलीनं बुजवलं. डोळे तेवढे ठेवले, थोडे गडद केले. दवनीवाड्याच्या लोकांना तो फोटो इतका आवडला की त्यांनी भाऊजींना पोतंभर तांदूळ पाठवला. त्या तांदळाचा भात मीही खाल्ला आहे.

"उद्या तुझा काढतो," असं ते ताईला म्हणाले होते. पुढं बाजारात रंगीत फोटो धुवायची मशीन आली, काळा-पांढरा रोल कोणी फुकटही घेईना, आणि डार्करूममध्ये भाऊजी कांदे ठेवू लागले. ताईचे रंगीत फोटो निघाले दोन-तीन, कुणाच्या तरी लग्नात, कुणाच्या तरी खांद्याआडून. त्या अल्बमचा रंग उडत गेला आणि तिच्या तोंडाच्या जागी विटकरी डाग उरला. मग एका पावसाळ्यात तिला मलेरिया झाला, डोक्यात गेला, आणि आठवडाभरात ती संपली. तेराव्याला लोक फोटो मागायला लागले, हार घालायला. मी सर्वांसमोर भाऊजींना म्हटलं, "साऱ्या जिल्ह्याच्या मेलेल्यांचे डोळे उघडले तुम्ही, अन् माझ्या ताईचा एक फोटो नाही तुमच्याजवळ?" ते खाली पाहत म्हणाले, "आहे. दवनीवाड्यात आहे." दुसऱ्याच्या मायच्या तोंडात माझ्या बहिणीचे डोळे पाहायला मी कायले जाऊ? गेले नाही.

कितीतरी वर्षांनी नागपूरची कॉलेजातली मुलंमुली फुलचूरला येऊ लागली. काळ्या-पांढऱ्या फिल्मचं वेड परत आलं होतं म्हणे. कुरिअरनं रोल मागवत आणि धुवायला शिकवा म्हणून भाऊजींच्या मागं लागत. कांदे बाहेर निघाले, लाल दिवा पुन्हा लागला. मला आपलं हसू यायचं. हातात हजारो रुपयांचा मोबाईल असताना हा आटापिटा काऊन? भाऊजी म्हणाले, "मंदा, याच्यात चांदी असते. उजेड पडला की ती काळी पडते, अन् पडली की पडली. रंग उडून जातात, चांदी राहते." मी म्हटलं, "राहते, तं माझी ताई कुठं राहिली?" त्यानंतरच त्यांनी ती जुनी निगेटिव्ह शोधून काढली. पेन्सिल धुऊन काढली तर खाली ताईचं कपाळ निघेल, थोडी हनुवटी निघेल, मग अंगठ्याएवढी का होईना, तिची छबी करता येईल... महिनोन् महिने त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं.

आणि मग घात झाला. शिकायला येणाऱ्या साऱ्यांना ते बजावत, पाणी माठातलंच घ्या, गोंदियाचा उन्हाळा आहे, गरम पाण्यानं फिल्मवरचा थर सुटतो. बजावणारे हेच. पण ऐन मे महिन्यात माठ रिकामा होता आणि दम निघाला नाही, म्हणून छतावरच्या टाकीचं पाणी घेतलं. दुधावरची साय सरकावी तसा थर सरकला. ताई आणि ती म्हातारी, दोघी मिळून मोरीत वाहून गेल्या. मला फोन केला त्यांनी. "मंदा, धुऊन गेली." मी फोन ठेवून दिला. तेव्हापासून ते कोणाला शिकवेनात, फोटो काढेनात. लाल दिवा लावून आत नुसते बसून राहत. हार्ट अटॅक आला, असं डॉक्टर म्हणाले. असेल.

आता जगात एकच फोटो उरला होता, परक्या घरात. मागच्या आठवड्यात मी दवनीवाड्याला गेले, तो मागून आणायचाच असं ठरवून. म्हातारीची सून सुमनबाई आता स्वतःच म्हातारी झाली आहे. भाऊजी गेल्याचं ऐकून तिनं पदर डोळ्यांना लावला. "वर्षातून एकदा येत. चहा थंडा होऊन जाये, पण मायच्या फोटोकडेच पाहून राहत. आम्ही म्हणत होतो, आपल्या कामावर किती जीव आहे माणसाचा! मायले शेवटी शेवटी दिसतच नव्हतं, मोतीबिंदू होता. फोटोत कशी पाहून राहिली, पाहा. त्यांनी मनानंच घातले असतील डोळे."

"मनानं नाही घातले," मी म्हटलं. "माझ्या बहिणीचे आहेत." आणि सगळं सांगितलं. शेवटी हात जोडले, फोटो मला द्या म्हटलं.

सुमनबाईनं माझे जोडलेले हात खाली केले. मग म्हणाली, "डोळे तुमचे असतील बाई. बाकीची माय तं आमची आहे. कशी देऊ?"

तिनं उठून फोटोसमोर खुर्ची ठेवली, "पाहून घ्या," म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मी पाहिलं. ताईच होती. हसू दाबताना उजव्या डोळ्याची कड बारीक व्हायची तिची, तशीच होती. "ताई," मी म्हटलं, मोठ्यानं म्हटलं. पण नजर काही मिळेना. ती माझ्या डोक्यावरून जात होती. खुर्ची पुढं घेतली, मागं घेतली, तरी तेच. मग लक्षात आलं... भाऊजी तो जुना कॅमेरा पोटाशी धरून, वरून आत पाहत फोटो काढत, आणि ती कॅमेऱ्याकडे पाहतच नव्हती. जरा वर, कॅमेऱ्यावर वाकलेल्या नवऱ्याच्या तोंडाकडे पाहून राहिली होती. इतक्या लाडानं तिनं त्यांच्याकडे पाहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्यांसमोर कोण कशाला पाहील तसं? तिथं माझं काही काम नव्हतं. मी उठले आणि त्या दोघांच्या मधली खुर्ची बाजूला सरकवली.