तिसरी खुर्ची

आमच्या व्यायामशाळेत मॅडमना सगळे ‘डोकेवाल्या’ म्हणायचे, कारण त्या खेळाडूंच्या मनाची तयारी करून घ्यायच्या. प्रशिक्षक टोमणा मारायचे, “मन कसलं उचलताय? लोखंड उचला!” हेच महाशय स्पर्धेच्या दिवशी चारदा लघवीला पळायचे.

मॅडमना खोली दिली होती ती संडासाशेजारची, फाटक्या गाद्या ठेवायची. अडगळ काढून त्यांनी तिथे तीन खुर्च्या मांडल्या. एक त्यांची, एक आपली आणि तिसरी भीतीची. “तिला हाकलत बसू नकोस,” त्या म्हणायच्या. “चिवट आहे, परत येते. तिला म्हण, बस, पण मधे बोलू नकोस.” पहिल्यांदा मला हसूच आलं. रिकाम्या खुर्चीशी बोलायला मी काय खुळी होते?

पण त्याआधीच्या वेटलिफ्टिंग स्पर्धेत वजनाचा बार डोक्यावर असताना माझा खांदा निखळला होता. खांदा बरा झाला, मी झाले नाही. बारला हात लावला की पाय लटपटायचे. हे मी आईलाही सांगितलं नव्हतं. त्या खोलीत सांगितलं आणि चार महिने त्या खुर्चीशी भांडले.

निवड चाचणीच्या आदल्या आठवड्यात वेटलिफ्टिंग संघटनेचे सचिव तिथे टपकले. मी बाहेर बूट बांधत होते. दार उघडंच ठेवून ते थेट तिसऱ्या खुर्चीत बसले.

“मनाने कच्चं कोण कोण आहे, त्यांची यादी द्या. निवड करायला सोपं जाईल.”

“इथलं बोलणं इथेच राहतं, साहेब.”

“पगार संघटना देते. तुमचा करार याच महिन्यात संपतोय, मॅडम.”

“संपू दे. यादी मिळणार नाही. आणि उठा, ती खुर्ची दुसऱ्या कुणाची आहे.”

दोन दिवसांत गाद्या परत त्या खोलीत आल्या. माझं डोकं सणकलं. माझी भीती झाकण्यासाठी बाईंनी नोकरीवर पाणी सोडलं, आणि मी मूग गिळून गप्प बसू?

चाचणीत माझे पहिले दोन प्रयत्न वाया गेले. उरला एक. समोर पंचांच्या मागे सचिव ऐसपैस बसले होते. मी हातांना चॉक फासलं आणि मोठ्याने म्हणाले, “साहेब, यादी हवी होती ना? पहिलं नाव माझं लिहा. मला भीती वाटते.”

प्रशिक्षकांनी कपाळावर हात मारला. सचिव ताडकन उठले. “हा काय तमाशा...”

“बसा,” मी म्हणाले. “पण मधे बोलू नका.”

आणि बार उचलला. पाय लटपटले, पण बार वरच राहिला. तिन्ही पंचांचे पांढरे दिवे लागले, म्हणजे प्रयत्न मान्य. माझी निवड झाली.

मॅडमना मात्र नोकरी परत मिळाली नाही. आता त्या स्वतःच्या घरी, गॅलरीत तशाच तीन खुर्च्या मांडून बसतात. मी तिथे जाऊन सगळं सांगितलं, तर त्या माझ्यावरच उखडल्या. “मी नोकरी घालवून राखलेलं गुपित तू चारचौघांत ओरडून सांगितलंस?”

“माझं होतं. मी सांगितलं.”

त्यांनी तिसरी खुर्ची माझ्यासमोर सरकवली.

“दमली असशील. पाय ठेव त्यावर.”

“आणि ती आली तर?”

“आली तर उभी राहील.”