टीचरांच्या तीनशे छत्तीस नोंदी

निवृत्त झाल्यावर बाकीच्या शिक्षिका मुलांकडे गोव्याला गेल्या, आमच्या जुलियाना टीचर मात्र खाडीत उतरल्या. पावसाळा सोडून दर अमावास्येला पाणी ओसरलं की, त्या सुकतीला, साडी खोचून, तिसऱ्या, म्हणजे चिखलातल्या शिंपल्या, काढणाऱ्या बायकांबरोबर. ठरलेल्या तीन जागी हातभर लांबीरुंदीची लाकडी चौकट चिखलावर टाकायची, आतल्या तिसऱ्या मोजायच्या, वहीत लिहायचं आणि त्या परत सोडायच्या. चौदा वर्षं! एका संस्थेने सांगितलं म्हणून सुरू केलं. संस्थेची माणसं खाडीत उतरायला कंटाळली, टीचर नाहीत.

त्या वह्या संस्थेने एका कॅटलॉग सर्व्हरवर चढवल्या. कुठल्या किनाऱ्याची कोणती माहिती आहे, हे शोधून देणारी ती यादी. तिचा कोड सगळ्यांना खुला, आणि जगभरचे माझ्यासारखे हौशी तो फुकट सुधारतात. गेल्या वर्षी तिचं शोधायचं पान मी सोपं केलं: नकाशावर चौकोन ओढा, आतल्या नोंदी समोर. वाहवा झाली. मीही फुगलो.

मार्चमध्ये टीचर घरी आल्या त्या चप्पल न काढताच. हातात एक सरकारी कागद होता. पर्यटकांच्या बोटींसाठी खाडीचं तोंड खोल करायला परवानगी मिळाली होती आणि खाली लिहिलं होतं, कॅटलॉगमध्ये या खाडीत तिसऱ्यांची एकही नोंद नाही.

“एकय नाय, गुरु? मगे मी चवदा वर्सां काय करी होतंय?”

“चुकले आसतले ते, टीचर,” मी ऐटीत म्हणालो आणि चौकोन ओढला. काहीच आलं नाही. मोठा ओढला. तरी नाही.

मग मूळ वह्या उघडल्या. जागेच्या रकान्यात टीचरांनी लिहिलं होतं, ‘खुरसासमोर, गुडघाभर पाणी’. किनाऱ्यावरचा तो क्रूस आणि त्यासमोरची ती जागा गावातल्या कोणालाही डोळे मिटून सापडेल. सर्व्हरला मात्र अक्षांश-रेखांश हवेत. ते नसले की तो नोंद नकाशातून गाळतो. जुन्या पानावर ‘इतक्या नोंदी नकाशावर दाखवता येत नाहीत’ अशी ओळ यायची. पान सुटसुटीत दिसावं म्हणून ती मीच काढली होती. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

हे टीचरांना सांगितलं. वर्गात पेन्सिल पडली तरी ओरडणारी ही बाई, त्या दिवशी तो कागद घडी घालून पिशवीत ठेवून घरी निघाली. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

हरकतीचा अर्ज दिला, तर मुदत संपलेली. मी ती ओळ परत घातली, गावाच्या नावाने शोधायची सोय केली. पण बदल तपासून घ्यायला परदेशातल्या दोघांनी पाच आठवडे लावले. तोवर गाळ उपसणारं यंत्र खाडीत उतरलं होतं.

बदल लागू झाला त्या दिवशी टीचरांना बोलावलं. त्यांनी स्वतः खाडीचं नाव टाईप केलं. तीनशे छत्तीस नोंदी आल्या, प्रत्येकीपुढे जागा त्यांच्याच शब्दांत. मी खुळ्यासारखा हसलो. त्या हसल्या नाहीत. आदल्या दिवशी अमावास्या होती, हे मी साफ विसरलो होतो.

“कालची नोंद घाल,” त्या म्हणाल्या. “तिनय जाग्यार चौकट टाकलंय. चिखलच नाय रवलो, नुसतो कातळ. तिसरी एक नाय.”

मी मान खाली घालून टाईप केलं. टीचर पडद्याजवळ सरकल्या.

“ही तरी सगळ्यांका दिसतली मां?”