नळीतला छर्रा

"बंदूक खोटी हाय म्हणून डोळ्यावर रोखतं का बे?" म्हणत जीवननं धाकट्या भावाच्या, बादलच्या, तिसरी कानफटात लगावली. बादल ओसरीच्या खांबावर आदळला. ओठ फुटला. पलीकडे जीवनची बायको जया उजवा डोळा दाबून बसली होती. बोटांमधून रक्त पोलक्यावर टपकत होतं.

"मस्करी केली, दादा! छर्र्याचा डबा काढून ठेवलता. खाली, रिकामी होती ते."

बोरी अरबजवळच्या त्यांच्या बंजारा तांड्यात रानडुकरं हरभऱ्यात शिरतात, म्हणून बादलनं मोबाइलवरून ही खेळण्यातली बंदूक मागवली होती. पुढचं नारिंगी टोक त्यानं काळं रंगवलं आणि त्या दिवसापासून त्याची चालच बदलली. डुकरं मात्र घाबरली नाहीत.

"खाली हाय नं? मंग पाहू." जीवननं बंदूक उचलली, वरचा दांडा खटकन मागे ओढला आणि नळी बादलच्या डोळ्यावर रोखली.

त्यांची आई नंदाबाई वीस वर्षं पाठीवर पंप घेऊन कपाशीत फवारणी केलेली बाई. टाकी कोरडी पडली तरी नळीत दाब उरतो, औषधाचा घोट उरतो, हे तिच्या मनगटावरच्या पोळल्या डागाला ठाऊक होतं. बंदूकही तशीच. बादलनंच कौतुकानं दाखवलं होतं: स्प्रिंग सुटली की दट्ट्या हवा ढकलतो, हवा छर्रा ढकलते. छर्रे डब्यातून वर चढतात; मग डबा काढला तरी एखाद-दोन वरच अडकत असणार, हे तिनं ताडलं.

ती झेपावली आणि तिनं नळीवर पंजा दाबला. त्याच क्षणी जीवननं चाप ओढला.

छर्र्याचा पांढरा दाणा तळव्यात रुतला. नंदाबाईनं दुसऱ्या हातानं जीवनच्या थोबाडीत दिली.

"डबा खाली होते, नळी नाही होत! भावाले आंधळं करतं का, गधड्या?"

जीवननं बंदूक भिंतीवर आपटली. बादल आईचा हात धरायला पुढे आला. "याडी, मले खरंच..."

"चूप राय."

कोपऱ्यात बसलेला नंदाबाईचा नवरा रामधन उठला. "दवाखान्यात तुराटीची काडी लागली म्हणून सांगू. बंदुकीचं नाव काढलं का केस होईन. बादलनं पोलीसभरतीचा फॉर्म भरला हाय."

"तुराटी म्हटल्यावर डॉक्टर आतला छर्रा धुंडन काय?" नंदाबाईनं विचारलं.

"मोठी वकीलीन झाली!"

"याडी," जया हळूच म्हणाली, "या डोळ्यानं मले काहीच दिसून नाही राह्यलं."

नंदाबाईनं पदराची चिंधी फाडून तळव्याला गुंडाळली, सुनेला दंडाला धरून उभं केलं.

"छर्रा लागला, कोणं मारला, सारं मी सांगनार हाय. डॉक्टरले भी अन् पोलिसाले भी. बादल संग येईन. जीवन, गाडी काढ."