गोदूबाईची डावी टाच

गोदूबाई माणूस ओळखायला पायांपासून सुरुवात करायची. कुणी दारात आलं की बाकीचे लोक तोंडाकडे बघून "या, बसा" म्हणतात. गोदूबाई आधी टाचा बघायची आणि त्या बऱ्या दिसल्या तर मग सवडीने तोंडापर्यंत यायची. नावं तिच्या लक्षात राहत नसत, टाचा राहत. "तो नाय का, उजव्या टाचंला आडवी चीर असलेला," असं ती म्हणाली की गावाला बरोबर कळायचं की सरपंचांबद्दल बोलणं चाललंय.

गावच तसं होतं. पेणहून खाडीकडे जाणारा रस्ता जिथे कंटाळून संपतो, तिथे पंचवीस-तीस घरं, आणि पुढे नजर जाईल तिथवर मिठागरं. दिवाळी झाली की गाव मिठागरात उतरायचं ते पाऊस दिसेपर्यंत. खारं पाणी दिवसभर पायाला लागलं की टाचा अशा फुटतात की त्या चिरांत वाल पेरला तर रुजावा. त्यावर गावात एकच उपाय होता, उंडीचं तेल. आणि ते तेल काढणारी एकच बाई होती.

उंडीचं झाड खाडीच्या बांधावर होतं. त्याची फळं वाघळं खायची, म्हणजे वरचा गर खाऊन आतली बी खाली टाकून द्यायची. गोदूबाई सकाळी टोपली घेऊन झाडाखाली जायची आणि वाघळांनी सोलून ठेवलेल्या बिया वेचून आणायची. असे बिनपगारी गडी दुसऱ्या कुठल्या धंद्यात मिळत नाहीत, म्हणून वाघळांवर कुणी दगड मारलेला तिला खपत नसे. बी फोडली की आत पांढुरका गर निघतो. त्याला घाई चालत नाही. उन्हात पडून पडून तो तांबडा झाला की मगच त्याला तेल सुटतं. "नवऱ्यासारखा असतो," गोदूबाई सांगायची, "चांगला वाळू दिला की नरम येतो." तिचा नवरा महिपती हे शेजारी बसून ऐकायचा आणि बिडी ओढायचा.

मग तो गर पेणला घाण्यावर जायचा. घाणेवाला तिचा माल वर्षाच्या अगदी शेवटी घ्यायचा, कारण उंडी एकदा घाण्यातून गेली की पुढचं खोबरेल कुणी नाकाजवळ नेत नाही. निघालेलं तेल हिरवंकाळं, दाट, आणि वासाचं काय सांगावं? वाईट म्हणवत नाही, चांगलं तर म्हणवतच नाही. एसटीत गोदूबाई डबा मांडीवर घेऊन बसली की तिला आपोआप खिडकी मिळायची आणि शेजारची जागाही मिळायची.

चिरा, मिठाने पडलेले चट्टे, खरूज, आखडलेले गुडघे, एवढ्यावर ती तेल द्यायची. त्यापुढे कुणी काही विचारलं तर सरळ नाही म्हणायची. पोटात घ्यायचं नाय, डोळ्यांत घालायचं नाय. टीव्हीवर केस वाढवायच्या तेलांच्या जाहिराती बघून गावातले दोघे-तिघे टोप्या काढून तिच्या ओट्यावर येऊन बसले होते. तिने महिपतीला हाक मारली. महिपती वाकून दारातून बाहेर आला. लग्न झाल्यापासून त्याच्या डोक्यावर रोज उंडीचं तेल होतं, आणि घासलेल्या तांब्यासारख्या त्या डोक्यावर ओट्याचं अख्खं छप्पर दिसत होतं. दोघे-तिघे टोप्या घालून परत गेले.

पण तिचं खरं नाव झालं ते नवऱ्यामुलींमुळे. गावात कुणाची मुलगी दाखवायची ठरली की तिला मिठागरातून काढून गोदूबाईच्या हवाली करायची रीत पडली होती. "पोर पायाला दिली" असं म्हणायचे. गोदूबाई गरम पाण्यात पाय भिजवायची, खरखरीत वजरीने टाचा घासायची, तेल चोळून जुन्या लुगड्याची पट्टी बांधायची, आणि महिनाभर पोरीला खाऱ्या पाण्याकडे फिरकू द्यायची नाही. बघायला आलेली मंडळी मुलीला चालायला लावतात ते पाय बघायलाच, हे तिला पक्कं ठाऊक होतं. याचं ती काही घेत नसे. हळदीच्या दिवशी पुढच्या रांगेत बसायचा मान तेवढा हवा असायचा, आणि तो मिळाला नाही तर ती पुढच्या रांगेत स्वतःहून बसायची.

असे गावभरच्या मुलींचे पाय झाल्यावर शेवटी तिच्याच सरूची पाळी आली.

सरू तिची धाकटी. मीठ ओढायला लागली की दोन बाप्यांच्या बरोबरीने ओढायची. तिला स्थळ आलं ते रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावाच्या पुढून, लांबच्या सोयरिकीतलं. मुलगा सुशील, धाटावच्या कंपनीत शिफ्टला जाणारा. घरी भाताची आणि वालाची शेती, आणि ती सगळी त्याची आई काशीबाई एकहाती बघणारी. सुशीलने सरूला पेणला एका लग्नात वाढताना बघितलं होतं आणि वालाची उसळ पोट भरल्यावरही पुन्हा पुन्हा मागितली होती. सरूनेही त्याला दर वेळी वाढली होती. तेव्हा त्या दोघांचं ठरल्यासारखंच होतं, आता मोठ्या माणसांचं तेवढं ठरायचं होतं. सरू तोंडाने काही बोलली नाही, पण रोह्याच्या गाडीची शिट्टी ऐकू आली की हातातलं काम थांबायचं. गोदूबाईच्या ते लक्षात आलं होतं.

मग गोदूबाईने सरूच्या पायांवर जे केलं त्याला तोड नव्हती. महिन्याच्या जागी दोन महिने झाले. साठवलेल्या डब्यातलं सगळ्यात जुनं तेल निघालं. दाखवायच्या दिवशी सरूच्या टाचा अशा झाल्या होत्या की तिला स्वतःलाच त्या परक्या वाटायला लागल्या. हातांचं मात्र गोदूबाईने कधी काही केलेलं नव्हतं. सरूच्या तळव्यांना फावड्याच्या दांड्याने घट्टे पडले होते, ते झाकायला आईने सांगून ठेवलं, "हात पदराखाली ठेव. पोहे द्यायच्या वेळी बशी खालून धर."

काशीबाई आली. उंच, उन्हाने रापलेली बाई. आली, बसली आणि पहिल्यांदा तिने सरूचे पाय बघितले. गोदूबाईला भरून आलं. इतक्या वर्षांत समोरून पायाकडे बघणारी बाई प्रथमच भेटत होती. काशीबाईने तर सरूला जवळ बसवून तिच्या टाचेवर अंगठा दाबून बघितला. मग पोहे खाल्ले, चहा घेतला, आणि कळवतो म्हणून सगळी मंडळी गेली.

चार दिवसांनी सखा निरोप घेऊन आला. सखा म्हणजे हे स्थळ आणणारा मध्यस्थ. तो आधी पाऊसपाण्याचं बोलला, मग मिठाच्या भावाचं बोलला, तेव्हाच महिपतीने ओळखलं की काही खरं नाही. शेवटी त्याने तोंड उघडलं. पोर चांगली आहे, पण त्यांना नको.

"का?" गोदूबाईने विचारलं.

"काशीबाई म्हनतात, टाच लोन्यासारखी हाय. जल्मात चिखलात पाय घातलेला दिसत नाय. आमच्या घरी लावनीला उभी राहनारी पायजे, पाटावर बसनारी नको."

गोदूबाईने जन्मभर हेच धरलं होतं की मऊ टाच बघून सासरचे खूश होतात. भाताच्या गावात फुटलेली टाच हाच कामाचा दाखला असतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आजवरच्या मुली गेल्या त्या खाडीकडच्याच गावांत, तिथे सगळ्यांना हे तेल माहीत. डोंगराकडची सोयरीक ही पहिलीच.

सखाने परत जाऊन सांगून बघितलं, की पोर दोन बाप्यांचं काम करते. काशीबाई म्हणाली, मध्यस्थाच्या तोंडून आजवर आळशी मुलगी कुठे आलीय?

गावाने दुःख व्यक्त केलं आणि जमेल तशी थट्टाही केली. पाणवठ्यावर बाया म्हणाल्या, दुसऱ्यांच्या पोरींना गो तू इतकं तेल लावलं नाहीस, म्हणून त्या नांदतात. गोदूबाईने ते ऐकून घेतलं. पण सरूने दुसऱ्या दिवशी फावडं उचललं आणि आई तेलाची वाटी घेऊन पुढे आली तेव्हा म्हणाली, "मना नको, आये." एवढंच. तशीच कोरड्या पायांनी मिठागरात उतरली. हे मात्र गोदूबाईला लागलं.

त्या दिवसापासून गोदूबाईने एक चमत्कारिक गोष्ट सुरू केली. मिठागरात ती रोज जायचीच, दोन्ही पायांना तेल चोळून. आता ती फक्त उजव्या पायाला तेल लावायची. डावा कोरडा.

महिपतीने पहिले काही दिवस बघितलं. तेल संपलंय का, म्हणून डबा हलवून बघितला. डबा भरलेला होता. शेवटी त्याने विचारलं तेव्हा ती म्हणाली, टाचेने मोडलंय, टाचच जुळवील. यावर नवऱ्याने काय बोलायचं? तो बाहेर जाऊन सांगत सुटला की माझी बायको आता अर्धी माझी आणि अर्धी मिठागराची.

डावा पाय आधी पांढरा पडला, मग खरखरीत झाला, मग फुटला. लग्नानंतर तिच्या टाचेला चीर म्हणून गेली नव्हती. या वयात त्या पायाला ते नवीन होतं. ती बांधावरून चालायची ती उजवा पाय पूर्ण टेकून आणि डावा चवड्यावर, जणू एका बाजूने वरातीत आणि एका बाजूने काट्यांतून चाललीय. एकदा सरू वाटी घेऊन तिच्या पायाशी बसली. गोदूबाईने पाय आखडून घेतला. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, "तो कामाला लागलाय."

शिमगा जवळ आला, वालाची काढणी सुरू झाली, तेव्हा तिने एक बाटली भरली, फडक्यात बांधली आणि पेणला जाऊन रोह्याची गाडी पकडली. बाटलीचं बूच जरा ढिलं होतं, त्यामुळे बसायला ऐसपैस मिळालं. रोह्याला उतरून, अष्टमीच्या बाजारात नारळ घेऊन, विचारत विचारत, लंगडत ती काशीबाईच्या खळ्यावर पोचली.

काशीबाई काठीने वाल झोडपत होती. ओळख पटली तशी तिने काठी खाली ठेवली, पाणी दिलं, आणि आता ही बाई रडणार की भांडणार याची वाट बघत उभी राहिली. गोदूबाईने दोन्हीपैकी काही केलं नाही. ती वालाच्या भुशावर बसली, लुगडं घोट्यावर घेतलं आणि दोन्ही पाय लांब केले.

"बघा," ती म्हणाली.

काशीबाई वाकली. उजव्या टाचेवर अंगठा दाबला. मग डाव्या टाचेवर दाबला, तशी गोदूबाईने दात आवळले.

"दोनी पाय एकाच मिठागरात जातात?"

"मग काय, एक पाय घरी ठेवून जाव?"

काशीबाई हसली नाही, पण खाली बसली. गोदूबाईने मग बाटली काढली आणि सांगितलं ते थोडक्यात, की हा पाय तेलाचा आणि हा बिनतेलाचा. माझ्या पोरीचे दोन्ही तेलाचे होते. मीच लावलं, जास्तच लावलं. चूक माझी, पोरीची नाय.

काशीबाईने बाटलीचा वास घेतला आणि बाटली हातभर लांब धरली. मग म्हणाली, "पन बाय, तुमी तिचे हात का लपवलेत? म्या पाय बघून हात बघायला गेले, तर पोरीनं पदरात घातले. म्हनलं, हात तर पायाहून मऊ असनार."

गोदूबाईने कपाळावर हात मारून घेतला. घट्टे दिसतील म्हणून, असं ती कसंबसं म्हणाली.

"घट्टे हायत?"

"फावडं धरून धरून. रुपयाएवढे."

"घट्टे दाखवले असतेत तर त्याच दिवशी कुंकू लावून आले असते मी," काशीबाई म्हणाली, आणि आता मात्र तिला हसू आवरेना. तिच्या हसण्याने गोदूबाईलाही सुटलं. खळ्यावरचे गडी काम थांबवून बघायला लागले, की मालकिणीला काय झालं.

हसता हसता गोदूबाईची नजर सवयीने खाली गेली होती. काशीबाईच्या टाचांना चिंध्या बांधलेल्या होत्या आणि एका चिंधीला रक्त लागलं होतं. गोदूबाईने विचारलं नाही. तो पाय ओढून मांडीवर घेतला, चिंधी सोडली आणि बाटली उघडली. काशीबाई म्हणाली, वास लय घान हाय. गोदूबाई म्हणाली, हाय. आणि चोळायला लागली.

शिमगा झाल्यावर मंडळी पुन्हा सरूला बघायला आली. या खेपेस सुशीलही आला होता आणि वासाने दर थोड्या वेळाने नाकावर रुमाल धरत होता, पण बसला होता ओट्यावर अगदी सरूच्या समोर. काशीबाईने दाराशी वहाणा काढल्या त्या सावकाश, टाचा सगळ्यांना दिसतील अशा. टाचांना आता चिंधी नव्हती की चीर नव्हती. ओट्यावरच्या बायांनी रिवाजाप्रमाणे आधी खाली बघितलं, आणि मग एकमेकींकडे बघितलं.

सरू पोहे घेऊन आली. बशी ठेवून ती बसली, पाय लुगड्याखाली ओढून घेतले आणि दोन्ही हात, तळवे वर करून, काशीबाईच्या पुढे धरले. काशीबाईने त्यांवरून अंगठा फिरवला, पिशवीतून कुंकवाची डबी काढली आणि पोहे निवायच्या आत काम उरकलं.

मंडळी गेल्यावर सरूने वाटीत तेल ओतलं आणि आईच्या पायाशी येऊन बसली. गोदूबाईने डावा पाय पुढे केला. महिपती तेवढ्यात ओट्यावर आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "चला, बायको पुरी झाली." आणि उरलेलं वाटीतलं तेल त्याने आपल्या डोक्याला पुसलं.