त्याचं त्यालाच बोलू दे

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. ॲडमिशनच्या खिडकीपाशी माझ्या वतीने सगळं वडीलच बोलले, मी मागे उभी. तशीच रीत होती.

माझा मुलगा इथे अमेरिकेत बेसबॉल चांगला खेळतो. त्याला कॉलेजच्या टीममध्ये जायचं होतं, म्हणून त्याच्या बाबाने लगेच लॅपटॉप उघडला. ‘रिस्पेक्टेड सर, माय सन...’

“बाबा, नो! कोचना मेल प्लेयरनेच करायची असते. नाहीतर वाटतं, ह्याला स्वतःचं तोंडच नाही.”

मग त्यानेच चार ओळी लिहिल्या, खेळाचा साधा व्हिडिओ जोडला. त्याला आम्ही सुचवलेलं गाणं काही लावलं नाही. कितीतरी कोचनी उत्तरच दिलं नाही, तरी पोरगा लिहीतच राहिला.

उन्हाळ्यात एका कॅम्पला वेगवेगळ्या कॉलेजांचे कोच येणार होते. आमच्या मॉरिसव्हिलहून पहाटेच निघालो. पोचल्यावर सवयीने त्याची किट बॅग मी खांद्याला लावली.

“आई, दे इकडे. कोच बघतात.”

“काय बघतात?”

“एव्हरीथिंग.”

तो कॅचर, म्हणजे क्रिकेटमधल्या विकेटकीपरसारखा. नेमका कोच जाळीशी येऊन उभे राहिले आणि ह्याचा थ्रो टीममधल्या मित्राच्या डोक्यावरून पार मागे गेला. समोरच्यांची रन झाली. नवरा म्हणाला, “झालं! चला घरी.”

पण पोरगा मान खाली घालून बसला नाही. पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, वैतागला होता. हा त्याच्याजवळ जाऊन काहीतरी बोलला, तसा तो हसला. मग परत येऊन पुढचा प्रत्येक वेडावाकडा बॉल ह्याने अंगावर घेऊन अडवला. मला इतकं धीराने वागता आलं नसतं, त्याच्या वयात तर नाहीच.

मॅचनंतर एक कोच त्याच्याकडे चालत आले. नवरा हात पुढे करून निघालाच होता. मी मागून शर्ट धरला. “अरे, थांब. त्याचं त्यालाच बोलू दे.”

कोचनी विचारलं, पिचरला काय सांगितलंस?

“दॅट वन वॉज ऑन मी. यू कीप थ्रोइंग.” म्हणजे चूक माझी, तू टाकत राहा.

कोचनी मान हलवली. म्हणाले, रविवारी संध्याकाळी मला फोन कर.

रविवारी त्याने आम्हा दोघांना घराबाहेरच काढलं. “ग्रोसरीला जा, प्लीज. तुम्ही दाराशी कान लावून बसाल.” लावलाच असता. भाजी घेऊन आम्ही पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिलो, कोथिंबीर मांडीवर.

शेवटी मेसेज आला: कॉलेज बघायला बोलावलंय, टीमलाही भेटायचंय.

नवऱ्याने गाडी चालू केली, तेवढ्यात दुसरा आला: अजून बोलतोय. इतक्यात येऊ नका.

त्याने गाडी बंद केली.